सहा सक छत्तीस आणि ओहायोची जमीन

मी अमेरिकेत, ओहायो राज्यात राहते आणि शनिवारी सकाळी आमच्याकडे दुसरी-तिसरीतली चार-पाच मराठी मुलं पाढे करायला येतात. पाढे पाठ हवेतच, त्याबद्दल मी ठाम आहे, पण पाठ झाल्यावर त्यांचं करायचं काय हे मुलांना कळत नाही, म्हणून शाळेत जो इतिहास चालू असतो त्यातलेच आकडे मी घेते. अट एकच, गुणाकार त्या इतिहासात खरोखर झालेला पाहिजे, वरून चिकटवलेला नको.

ही अट उगाच नाही. जानेवारी 2012 मध्ये इथल्याच जॉर्जिया राज्यातल्या एका शाळेत तिसरीच्या मुलांना होमवर्क दिलं होतं, फ्रेडरिकला दिवसाला दोनदा मार बसायचा तर आठवड्यात किती वेळा? गुलामांनी तोडलेल्या संत्र्यांचंही गणित होतं त्यात. कारण काय सांगितलं तर म्हणे इतिहास आणि गणित एकत्र शिकवायचं होतं. हा फ्रेडरिक म्हणजे फ्रेडरिक डग्लस, गुलामीतून पळून जाऊन देशभर भाषणं देणारा माणूस. त्याच्या अंगावरच्या माराला सातने गुणून आठ वर्षांचं मूल काय शिकणार? गुलामगिरी शिकवावीच, पण ती गोष्ट सांगून, थांबून, मुलांचे प्रश्न ऐकून.

सुरुवातीला अमेरिकेचा झेंडा सोपा जातो, प्रत्येक राज्याचा एक तारा. 1912 पासून 48 तारे होते, सहा ओळी आठ-आठच्या. 1959 मध्ये अलास्का आलं, झाले सात साते एकोणपन्नास. मग हवाई आलं, आता 50 कसे बसवणार? मुलं पाच दाहे पन्नास म्हणून मोकळी होतात, तेव्हा खरा झेंडा समोर ठेवायचा आणि ओळी मोजायला लावायच्या. पाच ओळी सहाच्या, चार ओळी पाचच्या, म्हणजे तीस अधिक वीस.

पण माझ्या सगळ्यात आवडीचा आहे तो 1785 चा जमीनमोजणीचा कायदा, कारण त्याची पहिली मोजणी इथेच, पूर्व ओहायोत झाली. सहा मैल लांब सहा मैल रुंद चौकोन म्हणजे एक टाउनशिप, त्यात एक-एक मैलाचे 36 तुकडे. मुलांना चौकटीचा कागद देते आणि नंबर घालायला सांगते. नंबर त्या कायद्यातल्या नव्हे, नंतर रूढ झालेल्या पद्धतीने घालायचे, वरच्या उजव्या कोपऱ्यातून डावीकडे, मग खालच्या ओळीत उलट, शेतात नांगर फिरतो तसं. 16 नंबर साधारण मध्यावर येतो, तो रंगवायचा, कारण तो शाळेसाठी राखलेला असायचा. हे ऐकून मुलं फार खूश होतात.

एका तुकड्यात 640 एकर. का? तर मोजायची साखळी 66 फुटांची, मैलाला 80 साखळ्या, आणि दहा चौरस साखळ्यांचा एकर. आठी आठी चौसष्ट येत असेल तर 80 गुणिले 80 पण येतंच, 6400, भागिले दहा. त्याचा चौथा भाग 160, आणि 1862 च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षं राहून जमीन कसणाऱ्याला एवढीच जमीन मिळायची.

इथे मी आवर्जून थांबते. तो कागद कोरा नव्हता, इथे शॉनी, मायामी, डेलावेर या मूळ रहिवासी लोकांची गावं आणि मक्याची शेतं होती आणि चौकोन आखणाऱ्यांनी त्यांना विचारलं नव्हतं. मुलं लगेच विचारतात, मग ते कुठे गेले? त्या दिवशी गणित तिथेच राहतं आणि राहू दे, या प्रश्नाचं उत्तर घाईत देण्यासारखं नाही.

आणि आपल्या लोकांसाठी एक गंमत. आपला गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, म्हणजे त्याच साखळीच्या बरोबर अर्ध्याचा चौरस! चार गुंठ्यांची एक चौरस साखळी, चार दाहे चाळीस गुंठ्यांचा एकर. आता आमच्या मुलांना गावाकडे फोन करून आजोबांना आपली जमीन किती गुंठे ते विचारायचं आणि एकर काढून आणायचे हा होमवर्क आहे, आणि आजोबा मंडळी भाव, विहीर, बांधावरचं भांडण सगळंच सांगत बसतात म्हणून पुढचा शनिवार जरा लांबणार आहे.