तक्रारीचा टाळ

२१ जून २०२२. माउलींच्या पालखीचं आळंदीहून प्रस्थान झालं तो हा दिवस, आणि सत्ताधारी आघाडीतले काही आमदार बंड करून रातोरात सुरतेला गेल्याची बातमी आली तोही हाच. करोनामुळे आधीची दोन वर्षं पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या होत्या. इतक्या खंडानंतर वारी पुन्हा पायी निघाली होती, त्यामुळे इंद्रायणीच्या घाटावर माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. त्याच गर्दीत काहींच्या कानाला मोबाइल लागलेले होते.

मला त्या बातम्या नको होत्या. २०१९च्या निवडणुकीत मी दारोदार फिरले होते. पक्षाचं नाव सांगत नाही, कारण निकालानंतर जे झालं ते कुण्या एकाचंच नव्हतं. मतं मागताना जी माणसं एकमेकांसमोर उभी होती, ती महिनाभरात एका मंचावर दिसली. पहाटेचा शपथविधी झाला, तोही मोडला. वरच्यांचं ठीक असेल, पण गावात शब्द मी दिला होता. पाणवठ्यावर, बचतगटात, लग्नाच्या मांडवात बायका विचारायच्या, "ताई, तुम्ही तर असं म्हणाला होता?" मी ओशाळून घरात बसू लागले. मतदानाच्या यादीतलं माझं नाव सोडलं तर राजकारणाशी संबंध ठेवायचा नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

आत्ती मात्र दरवर्षीची वारकरी. रथामागच्या एका दिंडीत ती डोक्यावर तुळस घेऊन चालते. तिनं मला विचारलंही नाही. "तुझी भिशी भरलीय, पिशवी भर," एवढंच म्हणाली. भिशी म्हणजे दिंडीतल्या जेवणाखाण्याचे पैसे.

पुण्याहून सासवडला जायचा टप्पा सगळ्यात लांबचा. दिवेघाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात. खाली वळून पाहिलं की पताकांची ओळ संपतच नाही. माझ्या पायांना फोड आले होते. पुढं चालणाऱ्या एका अनोळखी बाईनं न विचारता माझी पिशवी घेतली आणि घाट संपल्यावर, "माउली, घ्या," म्हणून परत दिली. कुठल्या गावची, कुठल्या जातीची, कुणाला मत देणारी, काही कळलं नाही. ते आमदार सुरतेहून गुवाहाटीला गेले होते आणि माझ्या डोक्यात अजून तीच गुवाहाटी चालू होती, तेव्हा ओठांवर हरिपाठ असला तरी मन तिथं नव्हतं, हे मान्य केलं पाहिजे.

ते मन जागेवर आलं ते समाजआरतीला. वारी टीव्हीवर बघणाऱ्यांना रिंगण ठाऊक असतं, समाजआरती फारशी ठाऊक नसते, म्हणून जरा सविस्तर सांगते. संध्याकाळी पालखी तळावर येते, सगळ्या दिंड्या भोवती गोलाकार उभ्या राहतात. हजारो टाळ एकदम वाजत असतात, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार हातातला दंड वर करून आवाज देतात आणि क्षणात सगळं थांबतं. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर मात्र त्या दिंडीचे टाळ वाजतच राहतात. त्या दिवशी आमच्या पलीकडची एक दिंडी थांबेना. सगळा तळ शांत आणि तेवढेच टाळ चालू. चोपदार स्वतः चालत त्यांच्यापर्यंत गेले. त्यांना पाण्याचा टँकर मिळाला नव्हता. दिंडीची वीणा ज्यांच्या गळ्यात असते त्या विणेकऱ्यांनी ते सगळ्यांदेखत सांगितलं, चोपदारांनी ऐकून घेतलं, तिथल्या तिथं कुणाला तरी बोलावून व्यवस्था लावली. तेव्हा कुठं टाळ थांबले. मग हरवल्या-सापडल्याची यादी वाचली गेली, उद्या किती वाजता निघायचं ते सांगितलं, आणि आरती झाली. तक्रार ऐकून घेतल्याशिवाय माउलींची आरती होत नाही.

मी तिथं उभ्या उभ्या रडले. आत्तीला वाटलं पाय दुखतायत.

ही शिस्त हैबतबाबा आरफळकरांच्या काळापासूनची मानतात. एकोणिसाव्या शतकात त्यांनी हा सोहळा बांधून दिला. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी राहिलेला माणूस तो. फौज कशी चालते हे ठाऊक असलेला. पण त्यांनी त्या शिस्तीच्या मधोमध तक्रार करणाऱ्याला जागा ठेवली. गेली तीन वर्षं मी नेमकं हेच शोधत होते.

२९ जूनला रात्री मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. राहुटीत पुरुषमंडळी त्यावर बोलू लागली, आवाज चढले. एक जण एका बाजूचा, दुसरा दुसऱ्या बाजूचा. आमचे विणेकरी सत्तरीतले, ते नुसतं म्हणाले, "पहाटे काकड्याला दोघंही लागता मला. झोपा." पहाटे दोघंही शेजारी शेजारी उभे होते, एकाच चालीवर टाळ धरून. भांडण मिटलं असं नाही, पुढंही ते वाद घालत होते. पण कुणी दिंडी सोडली नाही.

वारीत राजकारण नाही असं मी म्हणणार नाही. वाटेवर स्वागताचे फलक होतेच, नेते थोडं चालून फोटो काढून गेले. मला ते आवडत नाही. पण राजकारणाला विटाळ मानावं असंही मला आता वाटत नाही. ज्या देवळाच्या कळसाकडे आम्ही चाललो होतो, त्याचे दरवाजे दलितांना १९४७ साली उघडले, ते साने गुरुजी प्राण पणाला लावून उपोषणाला बसले म्हणून. दलित संत चोखोबांची समाधी महाद्वाराशी आहे. त्यांच्या लेकरांना आत जायला सहाशे वर्षं थांबावं लागलं. नुसत्या भक्तीनं ते दार उघडलं नव्हतं. गुरुजींची भक्ती आणि त्यांचं राजकारण मला वेगळं करता येत नाही.

चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. स्वाराशिवायचा माउलींचा अश्व समोरून धावत गेला, त्याच्या टापांखालची माती आत्तीनं माझ्या कपाळाला लावली. तिथून पुढं मी मोबाइल ट्रकमधल्या सामानात टाकून दिला आणि हरिपाठ खरा म्हणू लागले.

१० जुलैला एकादशी. पहाटेची शासकीय पूजा नव्या मुख्यमंत्र्यांनी केली, हे मला कुणीतरी चंद्रभागेत सांगितलं. मी ऐकलं आणि बुडी मारली. पददर्शनाची रांग काही तासांची होती, आम्ही नामदेव पायरीला हात लावला आणि कळसाचं दर्शन घेतलं. आत्ती म्हणते तेवढ्यानं वारी पोचते. मी विठ्ठलाला सगळं सांगितलं. माणसांची नावं घेऊन, तारखांसकट, कुणी काय शब्द दिला आणि काय केलं ते. बराच वेळ लागला. आत्ती शेजारी भगर आणि शेंगदाण्याच्या आमटीचा डबा घेऊन थांबली होती, तिनं घाई केली नाही.

त्या वर्षी गावच्या ग्रामसभेत टाकीच्या पाण्याचा विषय निघाला आणि नेहमीसारखा पुढं ढकलला जाऊ लागला, तेव्हा आम्ही बायका बोलतच राहिलो. कोणत्या पक्षाच्या, ते एकमेकींना विचारलं नाही. उत्तर लिहून मिळालं तेव्हा बसलो.