साडेअकरा इंची नळी आणि काडतुसांचा हिशेब

सांगलीला आमच्या थोरल्या काकांकडे बारा बोअरची दुनळी होती. निवडणूक लागली की ते ती जुन्या धोतरात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करून यायचे. काडतुसं परवान्यावर मोजून मिळायची, आणि डुकरावर काढलेला बार फुकट गेला की काकू आठवडाभर ऐकवायच्या. कुठलं काडतूस घ्यावं हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही. दुकानदार देईल ते घ्यायचं.

मी अमेरिकेत, टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या बाहेर राहतो. इथल्या दुकानात एकाच मापाच्या काडतुसांनी अख्खी भिंत भरलेली असते आणि तुमच्या मदतीला एक बावीस वर्षांचा पोरगा असतो, त्याला सगळ्यात महाग डबाच सगळ्यात चांगला वाटतो.

रायफलीचं आधी सांगतो. १६ इंचांहून आखूड नळीची रायफल इथे १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली येते. शस्त्रांवर देखरेख ठेवणाऱ्या एटीएफ या केंद्रीय खात्याकडे फॉर्म १ नावाचा अर्ज, बोटांचे ठसे, फोटो, त्या अर्जाची एक प्रत आपल्या भागाच्या शेरीफला, म्हणजे तिथल्या पोलीस प्रमुखाला, आणि मंजुरी आल्यावर रायफलीच्या सांगाड्यावर आपलं नाव-गाव कोरून घ्यायचं. शिवाय २०० डॉलर कर. हा आकडा १९३४ पासून हलला नव्हता. मी तो २०२५ च्या फेब्रुवारीत भरला आणि १ जानेवारी २०२६ पासून तो शून्य झाला! बायको अजून विचारते, "अहो, ते दोनशे परत मागता येतात का हो?" नाही येत.

रायफल हवी होती घराच्या रक्षणासाठी, आणि आखूड नळी घेतली ती घरातल्या बोळामुळे. झोपायच्या खोलीतून जिन्यापर्यंत दोन वळणं आहेत आणि लांब नळी दर वळणावर भिंतीला टेकते. मी साडेअकरा इंची घेतली, ५.५६ मिलिमीटर मापाच्या काडतुसाची. या सोयीची किंमत नंतर कळली.

रेंजवर मी नेहमी ५५ ग्रेनची साधी, पूर्ण तांब्याच्या कवचाची काडतुसं वापरतो. वीसचा डबा नऊ-दहा डॉलरला मिळतो. (ग्रेन म्हणजे काय ते सोनाराच्या भाषेत लवकर कळतं: १८० ग्रेनचा एक तोळा. म्हणजे ५५ ग्रेनची गोळी एकोणतीस-तीस गुंजांची, साडेतीन ग्रॅमची.) डब्यावर वेग लिहिला होता सेकंदाला ३,२४० फूट. रेंजवरच्या एका म्हाताऱ्या टेक्सनकडे वेग मोजायचा छोटा रडार होता. तो मांडून दहा बार काढले. सरासरी २,७०० च्या अलीकडे-पलीकडे. मला वाटलं यंत्र बिघडलंय. म्हातारा हसला. डब्यावरचा आकडा २४ इंची नळीतला असतो म्हणे. दारू जळून वायू फुगायला नळीत जागा लागते, आणि माझ्या नळीत ती निम्मीसुद्धा नाही. उरलेली दारू नळीच्या तोंडाशी जाळ होऊन वाया जाते. शेडच्या पत्र्यावरची धूळ माझ्या डोक्यावर का पडत होती, तेही त्या दिवशी समजलं.

इथे सगळा हिशेब फिरला. ही साधी गोळी शरीरात शिरल्यावर आडवी होते आणि फुटते, तिचा सगळा परिणाम त्या फुटण्यात आहे. पण त्यासाठी आदळताना साधारण २,७०० फुटांचा वेग हवा. लांब नळीतून तो बऱ्याच अंतरापर्यंत टिकतो. माझ्या नळीतून तो तोंडाशीच संपत आलेला असतो. म्हणजे तीच स्वस्त गोळी लांब रायफलीत एक काम करते आणि माझ्या रायफलीत बारीक भोक पाडून पलीकडे निघून जाऊ शकते. पलीकडे मुलीची खोली आहे. इथल्या घरांच्या भिंती म्हणजे लाकडी चौकट आणि दोन्हीकडून अर्धा इंच जिप्समचं पान. सांगलीच्या विटांच्या भिंतीची सवय असलेल्या माणसाने हे आधी मनावर घ्यावं. भिंतीत हमखास अडकेल असं एकही काडतूस मिळत नाही. म्हणून कुठल्या कोनातून नेम धरायचाच नाही, ते मी बोळात उभं राहून आधी ठरवलं आणि मग दुकानात गेलो.

आता कमी वेगातही उघडणारी गोळी हवी होती. हिरव्या टोकाची ६२ ग्रेनची लष्करी गोळी लगेच बाद केली. तिच्या पोटात पोलादाचा तुकडा असतो, घरात त्याचं काय काम? शिवाय बऱ्याच रेंजवर दारातच लोहचुंबक लावून बघतात आणि परत पाठवतात. ७७ ग्रेनची जड, अचूक नेमाची गोळी मोहात पाडणारी होती. गोळीला फिरवणारे माझ्या नळीतले आटे सात इंचांत एक फेरा घेतात, त्यामुळे जड गोळी नीट फिरली असती. नऊ इंचांत एक फेरा असलेल्या नळीवाल्याने मात्र आधी कागदी लक्ष्यावर बार काढून तपासून घ्यावं. पण याही जातीची बरीच मदार फुटण्यावर, म्हणजे परत वेगावर. निव्वळ तांब्याची गोळी कामाला उत्तम, पण दर ऐकून मी डबा परत ठेवला. .३०० ब्लॅकआउट हे काडतूस मुळात आखूड नळीसाठीच काढलेलं आहे, पण त्याला नळी बदलावी लागते. आणि ते चुकून ५.५६ च्या नळीत गेलं तर रायफल हातात फुटते. मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरायची पेटी, दोन्हींची एकच! घरात दोन्ही ठेवायची नाहीत, एवढं ठरवून तो विषय मिटवला.

उरली ती बॉन्डेड, मऊ टोकाची ६२ ग्रेनची. हिच्यात शिसं तांब्याच्या कवचाला पक्कं जोडलेलं असतं. टोक छत्रीसारखं उघडतं, पण गोळी तुकडे न होता एकसंध राहते आणि त्यासाठी तेवढा वेगही लागत नाही. स्पीअर गोल्ड डॉट आणि फेडरल फ्यूजन, दोन्ही याच जातीच्या. १९८६ साली मायामीत एफबीआयचे दोन जण चकमकीत मारले गेले, त्यानंतर त्यांनी गोळ्यांची कसोटी ठरवली. मांसाच्या जागी धरलेल्या दहा टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी १२ ते १८ इंच जावी. माझ्याकडे जिलेटिन नाही, पण आखूड नळीतून केलेल्या अशा चाचण्यांचे आकडे मी जुळवून पाहिले. डब्यावरच्या जाहिरातीपेक्षा ते बरे.

'परवडणारं' म्हणजे काय हे मला इथे उमगलं. वीस काडतुसं कोणीही घेऊ शकतो. पण आपल्या रायफलीत ती अडकत नाहीत याची खात्री करायला शे-दीडशे तरी उडवायला लागतात, आपल्याच सगळ्या मॅगझिनमधून. म्हणजे दोन डॉलरचं काडतूस तीनशे डॉलर खाऊन मग तिजोरीत बसतं. माझी ६२ ग्रेनची सव्वा डॉलरच्या आसपास पडली. त्याआधी मी एक स्वस्त, पोकळ टोकाची ७५ ग्रेनची घेतली होती, कंपनीचं नाव सांगत नाही. पहिल्या चाळीसांत दोनदा तिचं टोक आत जाताना अडकलं. उरलेली कागदावर संपवली.

बॉन्डेडची दीडशे उडवली, एकही अडकली नाही. पन्नास यार्डांवर ती माझ्या सरावाच्या गोळीपेक्षा दोन इंच खाली लागत होती, म्हणून नेम तिच्यावरच बसवला. सरावात दोन इंच वर गेलं तर जातं.

एका गोष्टीकडे मी आधी लक्ष दिलं नव्हतं. मॅगझिनमधलं तेच सगळ्यात वरचं काडतूस परत परत नळीत भरलं-काढलं की गोळी काडतुसात आत दबते आणि त्याच्या बुडाच्या पेटवणीवर बारीक खूण पडते. दबलेल्या गोळीने आतला दाब वाढतो. आता वरच्या काडतुसावर मार्करने रेघ मारतो. दोन रेघा झाल्या की ते सरावाच्या डब्यात. रायफल तिजोरीत कुलपात, किल्ली माझ्याकडे आणि बायकोकडे. परवा तिने त्या डब्यात डोकावून विचारलं, "ही रेघा मारलेली सव्वा डॉलरची का हो?" हो म्हटलं. तिने काकूंसारखाच चेहरा केला.