दूध नंतर, आधी चार घास

जून, तिसरा आठवडा. सोमवार.

शाळा सुरू झाल्या की दोन आठवडे एकच गाऱ्हाणं कानावर येतं: "सकाळी काही म्हणजे काही खात नाही." सकाळ कशी जाते ते विचारलं, की बहुतेक घरांतून सारखाच क्रम निघतो. सहाला उठवलं, सव्वासहाला पेलाभर दूध, साडेसहाला पोहे समोर, पावणेसातला खाली बस. तीन-चार वर्षांच्या पोराचं पोट २०० मिली दुधाने भरून जातं. मग पोहे खायला जागा कुठे उरते? त्याला हट्टी म्हणणं अन्यायाचं आहे.

दूध वाईट नाही. २०० मिलीत ६ ग्रॅमच्या वर प्रथिनं आणि भरपूर कॅल्शियम मिळतं. पण लोह जवळजवळ नाहीच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशींप्रमाणे ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १३६० कॅलरी, १६ ग्रॅम प्रथिनं आणि ११ मिलिग्रॅम लोह लागतं. दिवसभर दुधावरच राहणारं मूल गुटगुटीत दिसूनही रक्त कमी असलेलं असू शकतं. दिवसाला ४०० ते ५०० मिली दूध पुरे, तेही खाण्यानंतर किंवा संध्याकाळी. त्यात चॉकलेटची पावडर घातली की साखर वाढते, भूक अजून मरते. २०२४च्या एप्रिलमध्ये वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली विकू नका असं कळवलं. अन्नसुरक्षा कायद्यात तसा प्रकारच नाही. चहा-बिस्किट तर नकोच. चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

दुसरं कारण आदल्या रात्रीचं. आईबाबा लोकलने कल्याण-विरारकडे पोचेपर्यंत साडेआठ-नऊ होतात, आणि मूल त्यांच्यासाठी थांबून साडेनऊला जेवतं. सगळ्यांनी एकत्र जेवावं ही भावना खरी आहे, मोडू नये. पण मुलाचं वरण-भात-भाजी साडेसातला आजीकडून किंवा सांभाळणाऱ्या ताईंकडून होऊ दे, आणि नऊच्या पानावर त्याने आईबाबांशेजारी बसून केळ्याच्या दोन फोडी खाव्यात. आठवडाभर हे पाळलं की सकाळची भूक बदललेली दिसते.

तरी उठल्या उठल्या १५ मिनिटांत पोटभर खाणं लहान मुलाला जमत नाही. म्हणून नाश्ता दोन हप्त्यांत धरायचा: घरी चार-पाच घास, उरलेला छोट्या सुट्टीच्या डब्यात. दोन्ही मिळून ३०० कॅलरी आणि ४-५ ग्रॅम प्रथिनं झाली की काम झालं. अर्धी वाटी कोरडे पोहे, चमचाभर तेल आणि मोठा चमचाभर दाण्याचं कूट एवढ्यात साधारण २०० कॅलरी, ५ ग्रॅम प्रथिनं होतात. कूट वगळलं तर प्रथिनं निम्म्यावर येतात. वर लिंबू पिळायचंच, त्यातल्या क जीवनसत्त्वाने पोह्यातलं लोह शरीरात शिरतं. शेंगदाणे अख्खे नकोत; पाच वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनलिकेत दाणा अडकू शकतो.

धावपळीच्या सकाळी मला सगळ्यांत भरवशाचं वाटतं ते मूगडाळीचं धिरडं. एक वाटी पिवळी मूगडाळ रात्री चार तास भिजवायची, पाणी पूर्ण काढून पाव वाटी ताज्या पाण्यात आलं-जिऱ्यासोबत वाटायची आणि लगेच फ्रिजमध्ये. या दमट हवेत ओट्यावर ठेवलं तर सकाळी आंबूस वास येतो. मीठ सकाळीच घालायचं, आधी घातलं तर पीठ सैल पडतं. सोबत दोन चमचे तांदळाचं पीठ, कडा कुरकुरीत होतात. दुधी किंवा गाजर किसून घालायचं तर पिळून, नाहीतर उलथताना तुटतं. तवा फार तापला असेल तर पीठ पसरतच नाही, डावाला चिकटून गोळा होऊन उचललं जातं. तेव्हा पाण्याचा हबका मारून तवा थोडा निववायचा. तळहाताएवढी बारा होतात, एकात साधारण अडीच ग्रॅम प्रथिनं. दोन धिरडी मुलाच्या पोटात गेली की दुपारपर्यंत चिंता नाही. डब्यात भरताना जाळीवर पूर्ण निवू द्यायची, मग पट्ट्या कापायच्या. गरम भरली तर वाफेने लिबलिबीत होतात आणि डबा तसाच परत येतो. पीठ फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतं.

अंडं खाणाऱ्या घरात सोपं: एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं, भुर्जी पावात भरली की झालं. नाचणीची पेज हवी तर दोन चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, मग उकळत्या पाण्यात. थेट घातलं की गुठळ्या, आणि एक गुठळी तोंडात आली की मूल महिनाभर पेजेकडे बघत नाही. निवल्यावर पेज घट्ट होते. ताक घालून सैल करावी.

नवीन पदार्थ नाकारला म्हणून यादीतून काढू नये. दोन ते सहा या वयात अनोळखी चव नको असणं स्वाभाविक आहे, आठ-दहा वेळा समोर यावी लागते. ओळखीच्या पदार्थाशेजारी एक लहान तुकडा ठेवायचा, आग्रह नाही, "छान, संपव" नाही. पानात काय आणि कधी ते मोठ्यांनी ठरवायचं, किती ते मुलाने. २० मिनिटांनी ताट उचलायचं. मोबाइल लावून भरवलं तर घास जातात, पण पोट भरल्याचं त्याला कळेनासं होतं.

पहिल्या वर्षात जन्माचं वजन तिप्पट होतं, पुढे वर्षाला दोन-अडीच किलोच वाढतं, त्यामुळे भूक कमी होणारच. दर तीन महिन्यांनी वजन-उंची कार्डावर मांडून बघावी. रेघ खाली घसरली, पापण्यांच्या आतला भाग फिकट दिसला किंवा मूल माती-खडू खाऊ लागलं, तर नाश्त्याचे प्रयोग थांबवून बालरोगतज्ज्ञांकडे जायचं आणि हिमोग्लोबिन तपासायचं.