ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टी

गाडीत चार चॅनलचा ॲम्प (स्पीकरचा आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर) बसवून घेतला आणि त्याच रात्री घरी येताना स्पीकरमधून बारीक शिट्टी ऐकू आली. ॲक्सिलरेटर दाबला की चढायची, सिग्नलला थांबलो की उतरायची. आवाज शून्यावर आणला तरी ती तेवढीच.

दुकानदार म्हणाला, "जुन्या गाडीत एवढं येणारच. फिल्टर लावून टाकू." साडेसहाशे रुपये मोजले. शिट्टी जरा दबली, पण बरोबर गाण्याचा जीवही गेला.

माझा मेव्हणा एमआयडीसीत पॅनल वायरिंगचं काम करतो. फोनवर सगळं ऐकून म्हणाला, "दाजी, आधी अर्थ बघा, म्हणजे ॲम्पची निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला नीट जोडलीय का ते." रविवारी मल्टिमीटर घेऊन आला. बॅटरीच्या निगेटिव्हला एक लांब वायर अडकवून ती डिकीपर्यंत ओढली. मीटरचं एक टोक तिला, दुसरं ॲम्पच्या निगेटिव्हला लावलं. गाणं मोठ्यानं लावल्यावर प्रत्येक ठेक्याला आकडा उडायला लागला: ०.४, ०.६ व्होल्ट. जिथं जवळपास शून्य दिसायला हवं, तिथं हे.

कार्पेट उचललं. दुकानातल्या पोरानं पत्र्यात एक स्क्रू मारून लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) त्याखाली दाबला होता, रंगावरच! लगाखालचा रंग जसाच्या तसा चमकत होता. पत्र्याशी संबंध काय तो स्क्रूच्या आट्यांपुरता. स्टिरिओचा अर्थ डॅशबोर्डमागे चांगला धरलेला, ॲम्पचा असा लटका. मग उरलेला करंट आरसीए केबलच्या (स्टिरिओतून ॲम्पला सिग्नल नेणाऱ्या) जाळीतून वाट काढतो, आणि इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरची गुणगुण सरळ स्पीकरमध्ये जाते.

बॅटरीचा निगेटिव्ह १० नंबरच्या पान्यानं सोडवून मगच हात घातला. नवीन भोक पाडायचं मनात होतं, पण मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते हे वेळेवर आठवलं. सीटबेल्टच्या बोल्टलाही हात लावला नाही, तो जीव वाचवण्यासाठी असतो. डिकीतच पत्र्याला पक्का वेल्ड केलेला एक बोल्ट सापडला. त्याच्याभोवती रुपयाएवढा रंग पॉलिश पेपरनं घासला, पांढरा लख्ख पत्रा दिसेपर्यंत. दातेरी वॉशर, लग, नट. पॉझिटिव्हला होती त्याच ८ गेज जाडीची वायर, जेमतेम फूटभर. वरून ग्रीसचा हात, नाहीतर पावसाळ्यात गंज ठरलेला.

आणखी एक गोष्ट दिसली, तिनं मात्र घाम फुटला. पॉझिटिव्ह वायरीचा फ्यूज डिकीत, ॲम्पशेजारी होता. म्हणजे बॉनेटपासून मागपर्यंतची सगळी वायर फ्यूजच्या संरक्षणाशिवायच. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात कुठं घासून पत्र्याला टेकली असती तर थेट आग! ४० अँपियरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर आणला, भोकात रबरी ग्रॉमेट, म्हणजे कडेचं कडं, घातला. आरसीए केबलही पॉवरच्या वायरीला चिकटून होती, ती दुसऱ्या बाजूनं ओढली. यात दुपार गेली, पाठ धरली ती वेगळीच.

निगेटिव्ह जोडून पुन्हा मीटर लावला. ०.०४.

फिल्टर काढून टाकला. डाव्या दाराचं पॅड खडखडतं हे आता कळतंय, आधी शिट्टीत ऐकूच येत नव्हतं.