चार मिनिटांनी गोठणारा टीव्ही

चॅनल लावलं की चारेक मिनिटं झकास, मग चित्र गोठतं. चॅनल फिरवून परत आलं की पुन्हा चार मिनिटं सुखाची. महाबळेश्वरच्या एका हॉटेलातून ही तक्रार फोनवर ऐकली आणि लॅपटॉप उघडायच्या आधीच निदान झालं: आयजीएमपी स्नूपिंग (कुठल्या पोर्टला कुठलं चॅनल हवंय ते ऐकून स्विचने तेवढंच पाठवणं) चालू, पण 'अजून हवाय का?' विचारणारा क्वेरिअर गायब.

मूळ दुखणं वेगळंच होतं. हेडएंडमधून, म्हणजे हॉटेलभर चॅनलं सोडणाऱ्या यंत्रणेतून, 30 एचडी चॅनलं, प्रत्येकी साधारण 8 एमबीपीएस. स्नूपिंग बंद असलं की स्विच मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांसाठी सोडलेला प्रवाह) सरसकट सगळ्या पोर्टांवर ओततो. म्हणजे 240 एमबीपीएस, आणि खोलीतल्या टीव्हीचं लॅन पोर्ट 100 एमबीपीएसचं. चित्राचे चौकोन होणारच. आधीच्या कंत्राटदाराने स्नूपिंगवर टिक मारली, चौकोन गेले, बिल लावून तोही गेला.

"साहेब, टीव्हीच खराब निघाले का?" मॅनेजरचा प्रश्न. नाही हो. चॅनल लावताना टीव्ही सांगतो, मला हा ग्रुप (म्हणजे त्या चॅनलचा मल्टिकास्ट पत्ता) हवा. स्विच नोंद करतो. पुढे कुणीतरी अधूनमधून 'अजून हवाय का?' असं विचारलं, तरच टीव्ही पुन्हा हात वर करतो. हे विचारणारा तो क्वेरिअर. एरवी हे काम मल्टिकास्ट राउटरचं, पण इथे सगळं एकाच व्हीएलॅनमध्ये (स्विचवर वेगळं काढलेलं जाळं), राउटर मध्ये येतच नाही. विचारण्याचा डिफॉल्ट काळ 125 सेकंद. दोन फेऱ्या आणि वर उत्तरासाठी 10, अशी 260 सेकंद वाट पाहून स्विच नोंद पुसतो. चार मिनिटांचा हिशोब हा असा.

क्वेरिअर कोअर, म्हणजे मधल्या मुख्य स्विचवरच चालू केला, कारण हेडएंड तिथेच जोडलेलं आहे. क्वेरिअरच्या दिशेच्या पोर्टवर स्विच सगळेच ग्रुप पाठवतात. तो एखाद्या मजल्यावरच्या स्विचवर बसला, तर अख्खे 240 एमबीपीएस त्याच्या अपलिंकवर, म्हणजे कोअरशी जोडणाऱ्या तारेवर. आणि एकाहून जास्त क्वेरिअर असले तर त्यांच्या निवडणुकीत सर्वांत लहान आयपी जिंकतो, म्हणून टीव्हीच्या व्हीएलॅनमध्ये कोअरला .1ने संपणारा पत्ता दिला. आयपी न देता 0.0.0.0 वरून क्वेरी (तोच 'अजून हवाय का?' प्रश्न) सोडू नका. काही उपकरणं तिला जुमानत नाहीत.

ग्रुपचे पत्तेही बदलावे लागले. कुणीतरी 239.0.0.1 पासून ओळीने दिले होते. दिसायला नीटनेटके, पण आयपीचे शेवटचे 23 बिटच मॅक पत्त्यात (स्विच ज्यावरून वाटप करतो तो हार्डवेअर पत्ता) उतरतात, त्यामुळे हे थेट 224.0.0.1 पासूनच्या राखीव पत्त्यांच्या मॅकवर जाऊन बसतात. ते पत्ते बरेच स्विच स्नूपिंग असूनही सगळीकडे सोडतात. आता 239.10.10.1 पासून आहेत.

फास्ट लीव्ह (टीव्हीने 'नको' म्हणताच त्या पोर्टवरचं चॅनल लगेच तोडणं) खोल्यांच्या पोर्टवर चालू, चॅनल पटकन बदलतं. सुइटमध्ये मात्र एका पोर्टवर छोटा स्विच लावून दोन टीव्ही आहेत, तिथे बंद. नाहीतर बेडरूममध्ये चॅनल बदललं की हॉलमधली मॅच बंद!

निघताना मॅनेजरने विचारलंच, "पाहुण्यांच्या मोबाइलवर पण दिसेल ना?" नाही. वायफायवर मल्टिकास्ट सहसा सगळ्यांत कमी बेसिक रेटने जातं, एका एचडी चॅनलने मजल्याचं वायफाय बसेल. टीव्हीचा व्हीएलॅन अ‍ॅक्सेस पॉइंटच्या पोर्टांवरून काढून टाकला.