सीएफएलमधली लाल रेघ

एसवायच्या (कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या) पोरांना स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे प्रकाशाचे रंग सुटे करून मोजणाऱ्या यंत्रावर, मर्क्युरी लॅम्प (पाऱ्याचा दिवा) लावून दिला की काय होतं माहितीये, सिनियरचं जर्नल उघडतात, हिरव्या रेघेची तरंगलांबी 5461 अँगस्ट्रॉम (म्हणजे 546.1 नॅनोमीटर) हे पाठच असतं आणि मग रीडिंग उलटं बसवतात. म्हणून मी हल्ली सुरुवातच घरच्या दिव्यांपासून करतो. बुटाचा खोका, दोन ब्लेडची फट, डीव्हीडीचा सोललेला तुकडा आणि मोबाईल, बास, झाला स्पेक्ट्रोमीटर. डीव्हीडीचे ट्रॅक 0.74 मायक्रॉनवर, म्हणजे मिलिमीटरला साधारण 1350 रेषा, आपल्या लॅबमधल्या 15000 एलपीआय (इंचाला 15000 रेषा) ग्रेटिंगच्या, म्हणजे रंग सुटे करणाऱ्या रेषांच्या काचेच्या, दुपटीहून जास्त, तेही फुकटात!

सीएफएल तर सोनं आहे (माळ्यावर पडलेला असेल तर फेकू नका, मला द्या). रेघांचा फोटो इमेजजेमध्ये (फोटोवर मोजमाप करायचं सॉफ्टवेअर) टाकायचा आणि सीएफएलमधल्या पाऱ्याच्या निळ्या 435.8 नि हिरव्या 546.1 नॅनोमीटरच्या रेघांवरून स्केल बसवायची. एका ग्रुपची निळी 812 व्या पिक्सेलवर, हिरवी 1180 वर, म्हणजे पिक्सेलला 0.3 नॅनोमीटर. लाल आली 1398 वर, हिशोब केला तर 611. "सर, पण मर्क्युरी लॅम्पला अशी ठळक लाल नव्हती ना?" झालं, आता जर्नल कामाचं नाही! ती रेघ पाऱ्याची नाहीच, काचेला आतून लावलेल्या पांढऱ्या पावडरमधल्या युरोपियम या धातूची, पारा 254 नॅनोमीटरचा अल्ट्राव्हायोलेट सोडतो आणि पावडर तो पिऊन दिसणारा प्रकाश देते. त्याच पावडरमधल्या टर्बियम या दुसऱ्या धातूची हिरवी पाऱ्याच्या हिरवीला चिकटून बसते, त्यामुळे फट रुंद ठेवली की दोन्हींची एकच जाडी रेघ होते आणि स्केल थोडी सरकते. एरर कुठून येतो हे वेगळं शिकवावं लागत नाही.

एलईडीला रेघा नाहीतच, 450 नॅनोमीटरला निळं टोक, 480 च्या आसपास खड्डा, पुढे पिवळ्याचा पसरट डोंगर. झिरोचा बल्ब सलग पट्टा देतो, निळ्याकडे अगदी मरगळलेला.

फक्त मोबाईलच्या ब्राइटनेसवर विश्वास ठेवू नका, रेघेची जागा खरी, उंची नाही, कॅमेऱ्याचे रंगाचे फिल्टर आणि ऑटो एक्स्पोजर मधे लुडबुड करतात, एक्स्पोजर लॉक करूनच फोटो काढा. आणि सीएफएल फुटलाच तर पोरांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, झाडू मारू नका, आत पारा असतो.