चौथीच्या वर्गात हायडन

आमच्या शाळेत संगीताचा तास आठवड्यातून एकदाच, आणि तोही बहुतेक प्रार्थना, समूहगीतं आणि गॅदरिंगच्या तयारीत जातो. यंदा दुसऱ्या सत्रात जरा मोकळीक मिळाली, तेव्हा चौथीला एखादा पाश्चात्त्य संगीतकार नीट शिकवायचा असं ठरवलं. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी मोझार्ट सुचवला. मला तो नको होता. पाचव्या वर्षी रचना करणाऱ्या मुलाची गोष्ट नऊ वर्षांच्या पोरांना सांगितली, की घरी लगेच ‘बघ, नाहीतर तू!’ सुरू होतं. बेथोव्हेन घ्यावा तर त्याच्या बहिरेपणाच्या गोष्टीत संगीत बाजूलाच राहतं. योझेफ हायडन मला बरा वाटला. ऑस्ट्रियातल्या रोराऊ गावात चाकं बनवणाऱ्या कारागिराच्या घरी जन्मलेला, लहानपणीच शिकण्यासाठी नातेवाइकाकडे गेलेला, आणि संगीतात चक्क थट्टा करणारा.

जन्मसाल (१७३२) फळ्यावर लिहिलं ते बऱ्याच उशिरा. आधी पेटी काढली आणि वाजवलं: सा सा ग ग प प ग, म म रे रे नि नि प. शेवटचे नि आणि प मंद्रातले. सरगम मुलांना येतेच, त्यामुळे थोड्याच वेळात सगळा वर्ग गाऊ लागला. मग पंखे बंद करून स्पीकरवर हायडनच्या ९४व्या सिम्फनीचा, म्हणजे वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या मोठ्या रचनेचा, दुसरा भाग लावला. ‘अय्या, हे तर आपलंच!’ अशी कुजबुज झाली. तीच सुरावट पुन्हा येते, या वेळी आणखी हळू, इतकी की मागच्या बाकावरची मुलं पुढे वाकली. आणि तेवढ्यात सगळा वाद्यवृंद टिंपनीसकट (मोठ्या नगाऱ्यांसकट) एकदम दणका देतो. अर्धा वर्ग किंचाळला आणि मग हसू आवरेना. ‘बाई, परत लावा!’

परत लावलं, पण अट घातली: दोन-दोन मात्रा मोजायच्या आणि दणक्याच्या क्षणी हात वर करायचा. तो सोळाव्या गटात येतो. नुसतं ‘लक्षपूर्वक ऐका’ म्हणून जे कधी साधत नाही, ते इथे आपोआप साधलं. १७९२ मध्ये लंडनमध्ये ही सिम्फनी पहिल्यांदा वाजली. डुलक्या घेणाऱ्या श्रोत्यांना जागं करायला हायडनने हे केलं, असं सर्रास सांगतात. तो स्वतः मात्र चरित्रकाराला म्हणाला होता, की लोकांना काहीतरी नवं देऊन चकित करायचं होतं. मुलांना अर्थातच डुलकीची गोष्टच आवडली.

खरी मजा हायडनच्या ‘फेअरवेल’ (निरोप) सिम्फनीला आली. १७७२ साल. हायडन प्रिन्स निकोलाउस एस्टरहाझीच्या पदरी. प्रिन्सचा मुक्काम आज हंगेरीत असलेल्या एस्टरहाझा राजवाड्यात लांबत चाललेला, आणि वादकांची बायका-मुलं तिकडे आयझेनश्टाटला. स्पष्ट बोलायची सोय नाही. म्हणून शेवटच्या भागात एकेक वादक आपलं वाजवून संपवतो, मेणबत्ती विझवतो आणि निघून जातो. उरतात फक्त दोन व्हायोलिनं. प्रिन्सने इशारा ओळखला आणि लगेच परतीची तयारी झाली, असं सांगतात.

वर्गात आम्ही बॅटरीच्या पणत्या वापरल्या. ओबो आणि हॉर्न ही फुंकवाद्यं आधी उठतात, मग ‘बसून’ (bassoon) हे फुंकवाद्य, असं वाद्य ओळखून आपापली पणती बंद करून बाहेर जायचं. वाद्यांची चित्रं आधी दाखवली होती, तरी ओबो आणि ‘बसून’मध्ये भांडण झालंच. व्हायोलिन कुणालाच सोडायचं नव्हतं, कारण त्यांना शेवटपर्यंत बसायला मिळतं.

त्यानंतर प्रश्नांचा पाऊस. ‘बाई, तो राजा वाईट होता का?’ याचं उत्तर सोपं नाही. हायडनच्या १७६१च्या करारात पांढरे मोजे घालण्यापासून केसांना पावडर लावण्यापर्यंत सगळं लिहिलेलं होतं; म्हणजे नोकरीच. पण हाच प्रिन्स स्वतः बॅरिटोन नावाचं तंतुवाद्य वाजवायचा आणि हायडनने त्याच्यासाठी शंभराहून जास्त त्रिकुटं (तीन वाद्यांच्या रचना) लिहिली. ‘मग राजाने कान तरी चांगले ठेवले होते,’ असा एकीने निकाल दिला.

एका पालकांनी विचारलं, आपलं संगीत सोडून हे कशाला? मी म्हटलं, पेटीवरच शिकवतेय, या एकदा ऐकायला. ते आले नाहीत, पण मुलगी घरी ती सुरावट गुणगुणते असं नंतर त्यांनीच सांगितलं.

परीक्षा घेतली नाही. गटागटाने स्वतःचा ‘दणका’ तयार करायचा, एवढंच काम दिलं. एका गटाने पसायदानाच्या चालीत शिंक घातली. ती मोठ्या बाईंना ऐकवायची की नाही, हे अजून ठरलेलं नाही.

हायडनचा मृत्यू मी एका वाक्यात उरकणार होते: १८०९, व्हिएन्ना. पण एकाने कुठूनतरी वाचून आणलं होतं, की त्याची कवटी चोरीला गेली होती. खरंच आहे ते. ती १९५४ मध्ये आयझेनश्टाटच्या थडग्यात परत आली, आणि मधल्या काळात ठेवलेली दुसरी कवटीही तिथेच राहिली. उरलेला सगळा तास, ती दुसरी कवटी कोणाची, यावर गेला.